दुर्बिणीचा लहान आकडा

२०२४ सालच्या १ ऑगस्ट रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले, तेव्हा त्यांच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती; आणि २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरलेल्या कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांच्या रायफलीवरही ती नव्हती; कारण ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीस नियमानेच मनाई आहे, आणि मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या कड्याकडे व त्या कड्यातून पलीकडच्या काळ्या वर्तुळाकडे पाहून, तिन्ही वर्तुळे एककेंद्री झाल्याची खातरजमा करून मगच घोडा दाबावा, असा तेथील शिरस्ता आहे. महाराष्ट्रात नेमबाजीची जी ओळख घरोघरी पोहोचली, ती या दुर्बिणीविरहित नेमबाजीची होय.

परंतु या विद्येची दुसरी एक थोरली शाखा आहे, जीत लक्ष्य ३००, ६०० आणि १००० वारांवर, म्हणजे यार्डांवर, उभे असते, आणि जिच्या काही प्रकारांत दुर्बीण वापरण्याची पूर्ण मुभा असते. भारतात लांब पल्ल्याच्या चांदमाऱ्या मुख्यत्वे लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे या शाखेचा प्रसार मर्यादित राहिला. तथापि १९५१ साली स्थापन झालेल्या आणि गणेश वासुदेव मावळणकर जिचे पहिले अध्यक्ष होते त्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या छायेत वाढलेल्या नेमबाजालाही, केव्हातरी या शाखेकडे वळावेसे वाटले की, पहिला प्रश्न पडतो तो हाच: दुर्बीण किती पटींची घ्यावी?

दुर्बिणीवर ५-२५×५६ असे काही आकडे कोरलेले असतात. त्यांतील पहिला आकडा किमान विशालनाचा, दुसरा कमाल विशालनाचा आणि तिसरा पुढच्या वस्तुभिंगाच्या मिलिमीटरांतील व्यासाचा. घेणाऱ्याची नजर सहसा दुसऱ्या आकड्यावर खिळते, आणि २५ पटींपेक्षा ५० पटी चांगल्या, ५० पेक्षा ८० अधिक चांगल्या, असा सरळ हिशेब मनात मांडला जातो. या विषयाचा साकल्याने विचार केल्यावर माझे मत असे झाले आहे की, दूरपल्ल्याच्या लक्ष्यवेधासाठी दुर्बीण निवडताना सर्वांत अगोदर पाहावयाचा आकडा पहिला, म्हणजे लहान, होय. त्याची कारणे क्रमाने मांडतो.

प्रथम थोडा इतिहास. १८६० साली विम्बल्डनच्या मैदानावर ब्रिटनच्या नॅशनल रायफल असोसिएशनचा पहिला मेळा भरला आणि व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते व्हिटवर्थ रायफलीतून पहिली गोळी सुटली. १८९० साली हा मेळा बिस्ली येथे गेला आणि आजतागायत तेथेच भरतो. याच व्हिटवर्थ रायफलीवर, दस्त्याच्या डाव्या अंगास, डेव्हिडसनची चार पटींची दुर्बीण बसवून अमेरिकेच्या यादवी युद्धात काही मोजके नेमबाज लढले. पण स्पर्धेच्या मैदानावर दुर्बिणीला मान मिळण्यास फार अवकाश लागला. १८७४ साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर येथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्या संघांत ८००, ९०० आणि १००० वारांवर जो सुप्रसिद्ध सामना झाला, तो सर्वस्वी धातूच्या साध्या नेमदर्शकांवर खेळला गेला, आणि अमेरिकेने तो ९३४ विरुद्ध ९३१ अशा गुणांनी जिंकला. १८७६ साली सुरू झालेली पाल्मा स्पर्धा आजही त्याच परंपरेत, दुर्बिणीवाचून, होते. अशा स्पर्धांत १००० वारांवरचे काळे वर्तुळ ४४ इंचांचे असते, आणि कुशल नेमबाज साध्या डोळ्याने त्याच्या मध्यातल्या २० इंची दहाच्या कड्यात गोळीमागून गोळी घालतात.

दुर्बीण आली ती मुख्यत्वे थकलेल्या डोळ्यांच्या सोयीसाठी. कॅनडाच्या जॉर्ज फार्कुहार्सन यांनी असा एक वर्ग सुचविला की, ज्यात रायफलीला पुढे टेका आणि वर दुर्बीण घेता यावी, म्हणजे वयोमानाने ज्यांची दृष्टी किंवा देह साध्या नेमदर्शकाला साथ देत नाही अशा जुन्या नेमबाजांना मैदान सोडावे लागू नये. त्यांच्याच आडनावाच्या आद्याक्षरावरून त्याला एफ-क्लास असे नाव पडले. पुढे हा वर्ग इतका फोफावला की सवलतीची भरपाई म्हणून लक्ष्य आकुंचित करावे लागले: १००० वारांवर दहाचे कडे १० इंचांचे आणि त्याच्या आतले एक्सचे कडे अवघ्या ५ इंचांचे. विशालनाचा प्रश्न खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

लक्ष्याची मागणी किती, हे कोनाच्या भाषेत मोजावे लागते, आणि त्यासाठी आपल्या ज्योतिषगणितातील जुने शब्द उत्तम कामास येतात. अंशाचा साठावा भाग ती कला, आणि कलेचा साठावा भाग ती विकला. नेमबाज ज्याला मिनिट ऑफ अँगल, किंवा थोडक्यात एमओए, म्हणतात ती हीच कला. १०० वारांवर एक कला म्हणजे १.०४७ इंच, आणि १००० वारांवर जवळजवळ साडेदहा इंच. याचा अर्थ असा की, एफ-क्लासमधील दहाचे संपूर्ण कडे एका कलेहूनही किंचित लहान आहे, आणि निरोगी मानवी डोळा सुमारे एका कलेच्या अंतरावरील दोन बिंदू जेमतेम वेगळे ओळखू शकतो. तेव्हा उघड्या डोळ्याला ते कडे म्हणजे असून नसल्यासारखा एक ठिपका. दहा पटींच्या दुर्बिणीतून ते साडेनऊ कलांचे दिसते. तीस पटींतून साडेअठ्ठावीस कलांचे, म्हणजे उघड्या डोळ्याला पौर्णिमेचा चंद्र जेवढा दिसतो जवळजवळ तेवढे. चंद्रबिंबाच्या मध्यावर बोट ठेवणे ज्याला जमते त्याला त्या कड्याचा मध्य साधण्यास याहून मोठे चित्र कशासाठी हवे, असा प्रश्न येथे रास्तपणे उभा राहतो.

अधिक विशालनाचे पुरस्कर्ते यावर असे म्हणतात की, चित्र जितके मोठे तितका तपशील अधिक. हा दावा एका मर्यादेपर्यंतच खरा आहे. विल्यम डॉज या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज ज्योतिर्विदाने तारकायुग्मांच्या निरीक्षणातून असा नियम बसविला की, दुर्बिणीची विभेदनक्षमता विकलांत काढावयाची तर ११६ या संख्येस वस्तुभिंगाच्या मिलिमीटरांतील व्यासाने भागावे. ५० मिलिमीटरांच्या भिंगाची मर्यादा त्यानुसार २.३ विकला, आणि ५६ मिलिमीटरांच्या भिंगाची सुमारे २.१ विकला. भिंग देऊ शकते तो सर्व तपशील डोळ्याच्या ६० विकलांच्या मर्यादेपर्यंत वाढविण्यास ५० मिलिमीटरांच्या दुर्बिणीला सुमारे २६ पटी पुरतात. त्यापुढचे विशालन नवा तपशील आणीत नाही, असलेलाच तपशील मोठा करून दाखवते. त्याचाही उपयोग नाही असे नव्हे, कारण डोळा स्वतःच्या मर्यादेवर सतत ताणलेला राहिला की थकतो, आणि चाळीस पटींचे ऐसपैस चित्र त्याला विसावा देते. परंतु या विसाव्यास स्पष्टता समजणे ही चूक होय. सुमारे तीन दशांश इंचाच्या, म्हणजे .३०८ रायफलीच्या, गोळीचे छिद्र सुमारे ७.८ मिलिमीटरांचे असते. ते १००० वारांवरून पावणेदोन विकलांचे भरते, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही भिंगांच्या मर्यादेखाली. म्हणूनच हजार वारांच्या मैदानावर लक्ष्याखालच्या खंदकातील माणसे प्रत्येक छिद्रात ठळक खूण लावतात, किंवा हल्ली इलेक्ट्रॉनिक लक्ष्य तेवढे काम करते. आपली छिद्रे आपल्याला दिसावीत एवढ्या हौसेपायी जो ६० किंवा ८० पटींच्या मागे लागतो, तो जे भिंगाच्या आवाक्यातच नाही त्यासाठी खर्च करतो.

विशालन वाढले की दुर्बीण काही गोष्टी हिरावूनही घेते. वस्तुभिंगाच्या व्यासाला पटींनी भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशचकतीचा व्यास मिळतो: ५६ मिलिमीटरांच्या भिंगात १० पटींवर ५.६ मिलिमीटर, २५ पटींवर सव्वादोन, ४० पटींवर १.४. भर दुपारी डोळ्याची बाहुली आकुंचन पावून दोन-तीन मिलिमीटरांची होते, म्हणून २५ पटींपर्यंत फारसे काही गमावले जात नाही. पण त्यापुढे प्रतिमा भराभर अंधारते, डोके तिळभर हलले की चित्र काळवंडते, आणि चकती एका मिलिमीटराच्या जवळ आली की स्वतःच्याच डोळ्यातले तरंगणारे कण लक्ष्यावर फिरताना दिसू लागतात. सकाळी लवकर किंवा ढगाळ आकाशाखाली नेम धरणाऱ्याला हा तोटा विशेष जाणवतो.

दुसरा तोटा दृष्टिक्षेत्राचा. ज्या दुर्बिणीत २५ पटींवर १००० वारांवरचा सुमारे ४५ फुटांचा पट्टा दिसतो, तिच्यात ५० पटींवर त्याच्या निम्माच उरतो. मैदानावर लक्ष्ये ओळीने उभी असतात, प्रत्येकाखाली क्रमांकाची पाटी असते, आणि दृष्टिक्षेत्र अरुंद झाले की स्वतःची पाटी दिसेनाशी होऊन शेजारच्याचे लक्ष्य आपले वाटू लागते. ही भीती काल्पनिक नाही. क्रीडमूरच्या ज्या सामन्याचा उल्लेख वर आला, त्यात आयर्लंडच्या मिल्नर यांनी ९०० वारांवर एक गोळी अगदी मध्यभागी मारली, पण ती दुसऱ्याच लक्ष्याच्या. मध्यवेधाला तेव्हा चार गुण मिळत. मिल्नर यांना शून्य मिळाले, आणि आयर्लंडचा संघ तीन गुणांनी हरला. तेव्हा दुर्बीण नव्हती हे खरे. परंतु आपले लक्ष्य कोणते हे ओळखणे हा नेमाचाच पहिला भाग आहे, आणि दुर्बिणीचा लहान आकडा नेमका त्याच कामाचा आहे, हे या तीन गुणांइतके स्पष्टपणे दुसरे काही सांगू शकणार नाही. शहाणा नेमबाज कमी पटींवर पाटी वाचतो, लक्ष्य निश्चित करतो, आणि मगच दुर्बिणीचे विशालनाचे कडे फिरवून चित्र जवळ आणतो.

आता या प्रश्नाचे हृदय, म्हणजे हवा. उन्हाने तापलेल्या जमिनीवरचे हवेचे थर कमीअधिक घनतेचे होतात, त्यांतून येणाऱ्या प्रकाशाचे क्षणोक्षणी वेगवेगळे अपवर्तन होते, आणि लक्ष्याची प्रतिमा पाण्याखालच्या वस्तूप्रमाणे हेलकावू लागते. इंग्रज नेमबाज याला मिराज म्हणतात. वैशाखात देशावरचा माळ तुडविलेल्या माणसाला मात्र झळा आणि मृगजळ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. हे मृगजळ नेमबाजाचे शत्रू आहे तसेच गुरूही आहे. निरीक्षणासाठी शेजारी ठेवलेली वेगळी दुर्बीण, म्हणजे स्पॉटिंग स्कोप, लक्ष्याच्या अलीकडे केंद्रित केला की त्याच्या लहरी स्पष्ट दिसतात: वारा नसेल तर त्या उकळत्या पाण्यासारख्या सरळ वर चढतात, मंद वाऱ्यात तिरप्या कलतात, आणि वारा वाढला की जमिनीला समांतर वाहतात. निशाणांच्या काठ्या जेथे नाहीत तेथल्या वाऱ्याची बातमी याच लहरी आणतात. आणि ही बातमी कोणत्याही विशालनाहून मोलाची आहे; .३०८ च्या १७५ ग्रेनच्या गोळीला १००० वारांवर ताशी एका मैलाचा आडवा वारा नऊ-दहा इंच सरकवतो, तर दहाच्या कड्याची त्रिज्या केवळ पाच इंच आहे. वाऱ्याच्या अंदाजात एका मैलाची कसूर झाली की पन्नास पटींची दुर्बीण ती भरून काढू शकत नाही.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा निरास करणे आवश्यक आहे. पटी कमी केल्या की मृगजळ कमी होते, असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः लक्ष्य आणि लहरी दोन्ही एकाच प्रमाणात लहान होतात. हवेने वाकवलेला प्रकाशकिरण दुर्बिणीच्या कोणत्याही कड्याने सरळ होत नाही, आणि प्रतिमा खऱ्या स्थानापासून जितकी ढळली असेल तितकी ढळलेलीच राहते. फरक पडतो तो पाहणाऱ्यात. लहरी डोळ्याच्या मर्यादेच्या जवळ आल्या, चित्र उजळ आणि रेखीव झाले, म्हणजे डोळा त्या हेलकाव्यांची सरासरी काढून कड्याचा मध्य ठरवू शकतो. पन्नास पटींवर मात्र तेच कडे फुटून-विरघळून इतके अस्वस्थ दिसते की नेमबाज प्रत्येक हेलकाव्यामागे धावतो आणि घोडा दाबण्याचा क्षण निसटतो. जो सकाळी आठ वाजता चाळीस पटींवर शांतपणे नेम धरतो, त्यालाच दुपारी एक वाजता अठरा-वीस पटींवर उतरावे लागते. त्याच्या दुर्बिणीत उतरण्यास जागा आहे की नाही, हे तिचा लहान आकडा ठरवितो.

निरनिराळ्या स्पर्धाप्रकारांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत, आणि ती प्रत्येकाच्या परिस्थितीस अनुरूप आहेत. बेंचरेस्टमध्ये रायफल मेजावरील वाळूच्या पिशव्यांवर निश्चल असते, अंतर बहुधा १०० ते ३०० वारांचे असते, आणि पाच-दहा गोळ्यांचा झुबका किती लहान यावर निकाल लागतो. म्हणून तेथे ३६ किंवा ४५ पटींच्या स्थिर दुर्बिणी, ल्युपोल्डच्या ४५×४५ सारख्या, रूढ झाल्या. पण त्याच खेळाच्या हंटर वर्गात सहा पटींहून अधिक विशालनास मनाई आहे, आणि तेथील नेमबाजांनी सहा पटींवर जी अचूकता साधली ती पाहिली म्हणजे विशालनाचे माहात्म्य किती मर्यादित आहे याची कल्पना येते. एफ-क्लासमध्ये लक्ष्याचे अंतर ठरलेले आणि वेळ पुरेसा, म्हणून १०-५०×५६, १५-५५×५२ किंवा १०-६०×५२ अशा पल्ल्याच्या दुर्बिणींचे तेथे प्राबल्य आहे. याउलट अमेरिकेतील प्रिसिजन रायफल सिरीजसारख्या स्पर्धांत दीड-दोन मिनिटांत भिंत, पिंप, शिडी अशा डळमळीत आधारांवरून वेगवेगळ्या अंतरांवरील पोलादी लक्ष्ये टिपावयाची असतात. तेथे ५-२५×५६ किंवा ७-३५×५६ ची दुर्बीण असूनही नेमबाज बहुधा १२ ते १८ पटींवरच काम करतात, कारण धक्क्यानंतर गोळी कोठे लागली हे स्वतःच्याच दुर्बिणीत दिसणे त्यांना अत्यावश्यक असते, आणि त्यासाठी रुंद दृष्टिक्षेत्र लागते.

विशालनाच्या पल्ल्याशी निगडित अशा आणखी तीन बाबी थोडक्यात नोंदवतो. पहिली, आतील फुली, जिला रेटिकल म्हणतात, पहिल्या नाभीय प्रतलात आहे की दुसऱ्या. पहिल्यात असेल तर ती चित्राबरोबर लहानमोठी होते आणि तिच्यावरील मापे प्रत्येक पटीवर खरी राहतात. दुसऱ्यात असेल तर ती मापे एकाच, बहुधा कमाल, विशालनावर खरी असतात आणि निम्म्या पटींवर प्रत्येक भाग दुप्पट मोजतो. म्हणून धावपळीच्या स्पर्धेला पहिला प्रकार आणि स्थिर लक्ष्याला बारीक बिंदूचा दुसरा प्रकार सोयीचा. दुसरी बाब पराशयाची, ज्याला नेमबाज पॅरॅलॅक्स म्हणतात: डोके किंचित हलवले असता फुली लक्ष्यावर सरकत असेल तर बाजूचे कडे फिरवून ती स्थिर करावी, आणि विशालन जितके अधिक तितकी ही जुळणी अधिक काटेकोरपणे करावी. तिसरी बाब वजनाची. एफ-क्लासच्या टीआर विभागात दुर्बीण व दोन पायांचा टेका धरून रायफलीची मर्यादा ८.२५ किलोग्रॅम आहे, आणि दुर्बिणीत घातलेले शेदोनशे ग्रॅम नळीतून काढावे लागतात.

आता निष्कर्ष. ज्याचे काम विविध अंतरांवरचे आहे आणि वेळ अपुरा आहे, त्याने ५-२५ चा पल्ला घ्यावा आणि त्यापुढे जाऊ नये. ज्याचे काम १००० वारांवरच्या कागदी लक्ष्याचे आहे, त्याने १०-५० च्या आसपासचा पल्ला घ्यावा. मैदान उष्ण आणि सपाट असेल तर १५ पासून सुरू होणाऱ्यापेक्षा १० पासून सुरू होणाऱ्यास पसंती द्यावी. स्थिर विशालनाची दुर्बीण १०० ते ३०० वारांच्या बेंचरेस्टसाठीच राखावी. आणि या सर्वांच्या मुळाशी एक नियम ठेवावा: आपण शांत सकाळी ज्या पटींवर नेम धरतो, त्याच्या निम्म्याहून दुर्बिणीचा लहान आकडा मोठा नसावा, तसेच आपल्या नित्याच्या कामाची पट पल्ल्याच्या मध्यावर यावी, टोकावर नव्हे, कारण कमाल टोकावर बहुतेक दुर्बिणींची प्रतिमा मंदावते.

दुकानाच्या दारातून समोरच्या पाटीवरील अक्षरे वाचून दुर्बिणीची परीक्षा होत नाही. एखाद्या नेमबाज स्नेह्याकडून ती मागून घ्यावी, एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी दोन वाजता मोकळ्या माळापलीकडे बारीक वर्तुळे काढलेला कागद लावावा, आणि कडे वरून खाली सावकाश फिरवीत वर्तुळे ज्या पटीवर सर्वांत स्थिर वाचता येतील तो आकडा वहीत टिपून ठेवावा. त्या आकड्याखाली ज्या दुर्बिणीत थोडी जागा शिल्लक असेल, ती घ्यावी.